अननस घरी पिकत नाही, भाऊ!

"ताई, दोन दिवस घरी ठेवा, पिकेल." जळगावात अननस घ्यायला गेलं की दर वेळी हेच! अहो भाऊ, केळं आहे का ते? केळं हिरवं तोडलं तरी नंतर गोड होतं, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक. अननस तोडल्यावर साल पिवळी पडेल, गर मऊ होईल, पण गोडी वाढत नाही. मग कच्चाच का गळ्यात मारता? वर, फळ तयार आहे म्हणून शेंड्याचं पान उपटून दाखवायचं! पान काय सांगणार? बुडाशी नाक लावलं तर लगेच हात आडवा. वाससुद्धा घ्यायचा नाही? परवाचा ८० रुपयांचा अननस कापला तर आत पांढराफटक. जीभ चरचरली, पोरीनं एक फोड चाखून ताटली सरकवली. पैसे काय झाडाला लागतात?