नऊ इंचांच्या आतला चाकू खिशात असला तर पोलीस काहीच करू शकत नाहीत? एका फॉरवर्डला उत्तर

सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि रील्समध्ये एक दावा फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: भारतात नऊ इंचांपेक्षा लहान पात्याच्या चाकूला परवाना लागत नाही, म्हणून तो कुठेही, कधीही जवळ ठेवता येतो. घरगुती चाकू तर कायद्याने शस्त्रच नाही. ऑनलाइन उघड विकतात, म्हणजे कायदेशीरच. मुलींनी पर्समध्ये आणि मुलांनी खिशात रोज ठेवावा, स्वसंरक्षणात वापरला तर गुन्हा होत नाही. आणि शेवटी, पोलिसांनी अडवलं तर हा मेसेज दाखवा.

मी फौजदारी कोर्टात वकिली करतो. माझ्या ट्रेकच्या सॅकमध्येही दुमडणारा चाकू असतो, त्यामुळे चाकूशी माझं काही वैर नाही. राग या मेसेजचा आहे, कारण त्यावर विश्वास ठेवणारी बहुतेक मुलं अठरा ते बावीस वर्षांची असतात. त्यातली काही पोलीस भरतीची तयारी करत असतात आणि चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर "गुन्हा दाखल आहे का" हा रकाना असतो हे त्यांना ठाऊक नसतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"नऊ इंचांच्या आत परवाना लागत नाही."

हे अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटकन पटतं. शस्त्र नियम 2016 च्या पहिल्या अनुसूचीत वर्ग 5 मध्ये बंदुकांव्यतिरिक्तची शस्त्रं दिली आहेत: तलवारी, गुप्त्या, खंजीर, भाले, आणि ज्यांचं पातं नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद आहे असे चाकू, कृपाण, खुकरी. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. मेसेजमधून "किंवा दोन इंचांपेक्षा रुंद" हा भाग नेहमी गळतो. लांबीला आखूड पण पात्याला रुंद असे कितीतरी "कॅम्पिंग" चाकू बाजारात आहेत, ते या एका शब्दामुळे यादीत जाऊन बसतात.

दुसरं म्हणजे, हा आकडा देशभर सगळ्या परिस्थितीत पुरणारा नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 4 नुसार केंद्र सरकार अधिसूचना काढून एखाद्या भागात बंदुकांव्यतिरिक्तच्या शस्त्रांवरही परवान्याचं बंधन घालू शकतं. दिल्लीतली बटणाच्या आणि खटक्याच्या चाकूंबद्दलची 1980 ची अधिसूचना फौजदारी वकिलांना पाठ असते. तिच्यात मोजमाप 7.62 सेंटिमीटर लांबी आणि 1.72 सेंटिमीटर रुंदीपासून सुरू होतं, म्हणजे तीन इंच. नऊ इंचांचा हिशेब घेऊन तिथे गेलेल्याला हा आकडा कोणी सांगितलेला नसतो.

काही मेसेजमध्ये नऊऐवजी सहा इंच लिहिलेलं असतं. हा आकडा बहुधा विमानप्रवासाच्या नियमातून आला असावा. देशांतर्गत विमानात शीख प्रवाशांना कृपाण नेण्याची मुभा आहे, पातं सहा इंचांपर्यंत आणि एकूण लांबी नऊ इंचांपर्यंत. ती सवलत धार्मिक आहे आणि तेवढ्यापुरतीच आहे. इतरांचा खिशातला चाकू केबिनच्या सामानात चालत नाही, तो चेक-इन बॅगेत टाकावा लागतो.

"परवाना लागत नाही, म्हणजे पोलीस हात लावू शकत नाहीत."

सगळ्यात जास्त नुकसान या ओळीने होतं. परवाना लागतो का, हा एक प्रश्न झाला. या जागी, या वेळी, या परिस्थितीत ही वस्तू जवळ का आहे, हा दुसरा. रस्त्यावर पोलीस विचारतात तो दुसरा.

त्याच शस्त्र अधिनियमाचं कलम 20 वाचा. शस्त्र ज्या पद्धतीने किंवा ज्या परिस्थितीत नेलं जात आहे त्यावरून त्याचा बेकायदा वापर होईल असा रास्त संशय येत असेल, तर पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि शस्त्र जप्त करू शकतात. परवाना असो वा नसो, असं त्या कलमातच स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्या वस्तूला परवाना लागत नाही हे सिद्ध करून या कलमातून सुटका होत नाही.

महाराष्ट्रात मात्र खरा अडसर वेगळाच आहे, आणि त्याचं नाव एकाही फॉरवर्डमध्ये मला दिसलेलं नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951, कलम 37(1). शांतता आणि सुरक्षिततेसाठी पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी ठरावीक काळापुरता मनाई आदेश काढतात. त्याची भाषा वर्षानुवर्षं जवळजवळ तीच आहे: शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, दंडे, बंदुका, सुरे, काठ्या किंवा लाठ्या, अथवा शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू बरोबर नेण्यास मनाई. इथे इंच नाहीत, परवान्याची अट नाही. शस्त्र अधिनियमाने लाठी शस्त्रांतून नाव घेऊन वगळली आहे, आणि या आदेशात तीच लाठी नाव घेऊन आली आहे. दोन कायदे दोन वेगळ्या गोष्टी पाहतात. एक वस्तू पाहतो, दुसरा प्रसंग.

हे आदेश गणेशोत्सव, दहीहंडी, निवडणुका, मोर्चे, आंदोलनं अशा निमित्ताने निघतात. कितीतरी जिल्ह्यांत ते पंधरा पंधरा दिवसांचे असे एकामागून एक निघत राहतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते, ती आपण वाचत नाही. आदेश मोडला तर कलम 135 खाली एक वर्षापर्यंत कैद आणि दंड आहे, आणि लेखी कारणं नोंदवल्याशिवाय कोर्टाला चार महिन्यांपेक्षा कमी शिक्षा देता येत नाही. म्हणूनच आपल्याकडच्या अशा बहुतेक फिर्यादींत "शस्त्र अधिनियम कलम 4, 25 सह महाराष्ट्र पोलीस अधिनियम कलम 37(1), 135" अशी जोडी असते (25 हे शस्त्र अधिनियमातलं शिक्षेचं कलम). कलम 4 ची अधिसूचना सरकार पक्षाने दाखवली का, यावर कोर्टात वाद घालता येतो आणि घालायलाच हवा. पण तोवर 135 ची टांगती तलवार तशीच राहते.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. रात्री नाकाबंदी असते. दुचाकीवरच्या दोघांना थांबवून अंगझडती घेतात. मागच्याच्या जीन्समधून दुमडणारा चाकू निघतो. दोन पंच बोलावले जातात. चाकू उघडून पांढऱ्या कागदावर ठेवतात, पेनाने भोवती रेघ ओढतात, पट्टी लावतात. पंचनाम्यात लिहिलं जातं: एक धारदार चाकू, एकूण लांबी इतके सेंटिमीटर, पातं इतके, मूठ इतके, एका बाजूस धार, टोक निमुळतं, किंमत अंदाजे दोनशे रुपये, विनापरवाना बेकायदेशीररीत्या जवळ बाळगलेला मिळून आला. मग कापडात गुंडाळून लाखेची मोहोर. दोनशे रुपयांचा हा मुद्देमाल पुढे दोन-तीन वर्षं तारखा खायला लावतो. मुलगा शेवटी निर्दोष सुटतोही, पण मधल्या काळात पासपोर्ट, नोकरी, भरती सगळीकडे "प्रकरण प्रलंबित" लिहावं लागतं. त्याची आई बाहेरच्या बाकावर बसून मला विचारते, चाकू तर छोटाच होता ना साहेब? छोटाच होता.

"घरगुती चाकू शस्त्र नाही."

व्याख्येत घरगुती आणि शेतीच्या वस्तू वगळल्या आहेत हे खरं. पण शब्द "केवळ" असा आहे: केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू. स्वयंपाकघरातली सुरी विळीशेजारी असताना ती कशासाठी आहे हे कोणी विचारत नाही. तीच सुरी रात्री बारा वाजता शर्टाखाली कमरेला खोचलेली सापडली की तुमच्या हेतूबद्दल ती स्वतःच बोलते. कोयत्याचं उदाहरण आपल्या राज्यात सगळ्यांना माहीत आहे. ऊसतोड कामगाराच्या हातातला कोयता त्याच्या पोटापाण्याचं साधन आहे. पुण्यात भर चौकात तो नाचवणाऱ्याला शेतीची सवलत मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही. वाढदिवसाचा केक तलवारीने कापला आणि व्हिडिओ टाकला म्हणून गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या तर दर काही दिवसांनी येतात. तिथेही "फक्त केक कापला" हाच बचाव असतो.

"ऑनलाइन मिळतो, म्हणजे कायदेशीर."

विकणं, विकत घेणं, घरी ठेवणं आणि रस्त्यावर जवळ बाळगणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत. कोयता आठवडे बाजारातही उघड मिळतो. ऑनलाइन जाहिरातीत "शंभर टक्के कायदेशीर" लिहिणारा विक्रेता तुमच्या जामिनाला येत नाही.

"स्वसंरक्षणासाठी ठेवला तर गुन्हा नाही."

मुलींना हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, म्हणून यावर सविस्तर बोलतो.

पहिली गोष्ट कायद्याची. शस्त्राची व्याख्याच हल्ल्यासाठी "किंवा बचावासाठी" बनवलेली वा बदलून घेतलेली वस्तू अशी आहे. त्यामुळे "बचावासाठी ठेवलाय" या उत्तराने चाकू शस्त्राच्या व्याख्येबाहेर जात नाही, उलट तिकडेच सरकतो. "फळं कापायला, डब्याबरोबर असतो" हे खरं असेल तर ते उत्तर वेगळं आहे. खोटं असेल तर देऊ नका, कारण पुढचा प्रश्न डबा कुठे आहे हाच असतो.

खाजगी बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे आणि तो खरा, भक्कम हक्क आहे. जिवाची, गंभीर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची रास्त भीती असेल तर हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत तो जातो. पण आवश्यकतेपेक्षा जास्त इजा करण्याचा हक्क कलम 37 देत नाही, आणि हा अपवाद आपल्याला लागू होतो हे दाखवण्याचा भार आरोपीवर येतो. चाकूचा वार मोजून देता येत नाही. धक्काबुक्कीत चाकू निघाला की साध्या दुखापतीचं प्रकरण कलम 118 मध्ये जातं, धोकादायक हत्याराने दुखापत. दुखापत गंभीर असेल तर त्यात जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आहे.

दुसरी गोष्ट हाताची. खिशातला दुमडणारा चाकू बहुधा दोन हातांनी उघडावा लागतो, नखाने खाच पकडून. पर्सच्या तळातून तो शोधायचा, भीतीने थरथरणाऱ्या बोटांनी उघडायचा, तोवर समोरचा अंगावर आलेला असतो. साध्या दुमडणाऱ्या चाकूला लॉक नसतं, म्हणजे उघडलेलं पातं जागेवर धरून ठेवणारं काही नसतं. टोकाने जोर लावला की पातं उलटं फिरून स्वतःच्याच बोटांवर बंद होतं. लॉक असलं तरी मूठ आणि पात्यामध्ये हात अडवणारा आड नसतो, हात ओला झाला की पात्यावर घसरतो. चाकू चालवणाऱ्याच्या तळहातावर अशा जखमा सापडतात हे न्यायवैद्यक तज्ज्ञांना नेहमीचं आहे. आणि समोरचा ताकदवान असेल तर तुमचाच चाकू त्याच्या हातात जातो. ओरडणं, पळणं, माणसांत शिरणं, 112 लावणं हे ऐकायला कमी शूर वाटतं, पण मुलीला घरी सुखरूप आणणारं तेच आहे.

परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी एवढंच: ब्रिटनमध्ये सार्वजनिक जागी तीन इंचांपर्यंतच्या, लॉक नसलेल्या दुमडणाऱ्या चाकूपलीकडे काहीही बाळगायला रास्त कारण लागतं, आणि स्वसंरक्षण हे तिथे रास्त कारण धरत नाहीत. शिक्षा चार वर्षांपर्यंत आहे.

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांनाही उत्तर देतो. मेसेजखाली कोणीतरी लिहितंच की खिशात चाकू म्हणजे गुन्हाच. तसंही नाही. इलेक्ट्रिशियन, माळी, फळविक्रेता, केबल ओढणारा, गडावर जाणारा, यांचं त्याशिवाय चालत नाही. चाकू हे चांगलं, प्रामाणिक अवजार आहे आणि ते जपून वापरणाऱ्याला उगाच भीती घालू नये. कामाचा चाकू कामाच्या पिशवीत, बाकीच्या अवजारांबरोबर ठेवा. ट्रेकचा चाकू सॅकच्या आत, प्रथमोपचाराच्या पाऊचशेजारी, बंद करून. लॉक नसलेलं, लहान पातं रोजच्या कामाला पुरतं. खटक्याने उघडणारा घेऊच नका. मिरवणूक, सभा, मतदान केंद्र, कोर्ट, मोठी देवस्थानं इथे जाताना घरी ठेवा. दारू पिऊन बाहेर पडणार असाल तर नक्कीच घरी ठेवा. सण-निवडणुकीच्या दिवसांत जिल्ह्यात मनाई आदेश आहे का ते बघा. आणि गंमत म्हणून काढून दाखवू नका, स्टेटसला तर मुळीच ठेवू नका.

राहिला "पोलिसांना मेसेज दाखवा" हा सल्ला. दाखवू नका. अडवलं तर जवळ चाकू आहे हे आधी सांगा, कुठे आहे ते सांगा, स्वतः हात घालून उघडू नका. कशासाठी आहे ते एका वाक्यात खरं सांगा. अटक झाली तर कारण सांगणं आणि घरच्यांना कळवणं हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे अटक-तपासाच्या कायद्याच्या, कलम 47 आणि 48 नुसार पोलिसांवर बंधनकारक आहे, जप्तीचं चित्रीकरण कलम 105 नुसार. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचा: पात्याची लांबी बरोबर आहे का, चाकू बंद होता की उघडा, खिशातून निघाला की सॅकमधल्या डब्याशेजारून, बाकीचं कोणतं सामान सोबत होतं ते लिहिलंय का. काही चुकीचं लिहिलं असेल तर वकिलामार्फत लगेच लेखी हरकत द्या आणि तिची पोच घ्या.