सोतिगी कुयाते यांच्या पुरस्काराबाबत खुलासा

ब्रिटिश दिग्दर्शक पीटर ब्रूक यांच्या ‘महाभारता’तील भीष्माच्या भूमिकेसाठी अभिनेते सोतिगी कुयाते यांना बर्लिन चित्रपट महोत्सवात अभिनयाचा पुरस्कार मिळाला आणि तोवर ते निव्वळ फुटबॉलपटू होते, असा मजकूर फिरत आहे, त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत. मालीतील बामाको येथे १९३६ साली ग्रिओ, म्हणजे वंशपरंपरागत कथेकरी-गायकांच्या घराण्यात जन्मलेले कुयाते आजच्या बुर्किना फासोच्या राष्ट्रीय संघातून खेळले, हे खरे; परंतु १९६६ पासून ते रंगभूमीवर होते आणि ब्रूक यांचे नाटक १९८५ साली फ्रान्समधील आव्हिन्यों येथे सादर झाले तेव्हा त्यांच्यापाशी जवळपास दोन दशकांचा अनुभव होता. बर्लिनचा अभिनयाचा पुरस्कार, म्हणजे ‘रौप्य अस्वल’, त्यांना २००९ साली ‘लंडन रिव्हर’ या चित्रपटासाठी मिळाला. भीष्म त्यांनी नाटकात आणि १९८९च्या चित्रपटातही साकारला.