‘आधारकार्डासारखे फोटो’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुम्ही काय लिहिलंय ते आधी थोडक्यात इथे मांडते, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही संदर्भ लागेल. सप्टेंबरात मी कास-बामणोलीला जाऊन आले आणि १६ फोटो टाकले. तुमचं म्हणणं असं, की ऐन हंगामात कासला जाऊन फुलांचे फोटो फक्त दोन, बाकी सगळे एसटीचे, तराफ्याचे आणि माणसांचे. माणसं सरळसोट उभी, कॅमेऱ्यात बघणारी, ‘आधारकार्डासारखी’. सहज टिपलेला क्षण एकच, नवव्या फोटोतला. ऊन भर दुपारचं, चेहऱ्यांवर सावल्या. बारावा आणि तेरावा फोटो एकाच म्हाताऱ्या माणसाचे, त्यातही तेराव्यात नुसती पाठ. आणि शेवटी, ‘ताई, कार्तिए-ब्रेसाँचे फोटो बघा, निर्णायक क्षण म्हणजे काय ते कळेल.’ (कार्तिए-ब्रेसाँ म्हणजे माणसांचे सहज क्षण नेमके टिपणारे प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार.)

इतक्या बारकाईने पाहिलंत याचा मला खरंच आनंद झाला. म्हणून सविस्तर लिहिते.

फुलांचं आधी. सोनकी, तेरडा, सीतेची आसवं यांचे माझ्यापेक्षा कितीतरी सुंदर फोटो काढणारे लोक आहेत. चिखलात पोटावर झोपून तासन्‌तास एका फुलासाठी थांबणारे मी पाहिलेत आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांत कासचा समावेश होऊन युनेस्कोचं नाव लागलं, तेव्हापासून तर त्या पठाराचे फोटो मोजता येणार नाहीत इतके झाले. पण रस्ता पठारावर संपत नाही. तो पुढे खाली उतरतो, कोयनेच्या पाण्यापर्यंत, बामणोलीला. बहुतेक गाड्या कासवरूनच साताऱ्याला माघारी फिरतात. मला पुढे जायचं असतं.

दुपारच्या उन्हाबद्दल तुमचं अर्धं पटलं. सकाळ-संध्याकाळचा तिरपा प्रकाश चेहऱ्याला चांगला, हे मलाही कळतं. पण त्या वेळी तिथली माणसं गोठ्यात असतात, नाहीतर चुलीपुढे. दुकानापाशी, धक्क्यावर, एसटीची वाट बघत ती भेटतात दहा ते तीनच्या दरम्यान, आणि मीही एसटीनेच जात असल्यामुळे माझीही वेळ तीच. पहाटेच्या प्रकाशासाठी त्यांना धार अर्धी सोडून अंगणात बोलावणं मला जमणार नाही. सातव्या फोटोबद्दल मात्र तुमचं पूर्ण बरोबर आहे. त्या आजींचे डोळे कपाळाच्या सावलीत हरवलेत. त्यांना दोन पावलं मागे, पडवीच्या सावलीत घेऊन तोंड मोकळ्या आभाळाकडे करायला सांगितलं असतं तर डोळ्यांत उजेड आला असता. एरवी मी ते करते. त्या दिवशी एसटी समोर येऊन उभी होती आणि मी घाई केली.

आता मुख्य मुद्दा, सरळ उभं राहण्याचा.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे ७०-३०० ची, लांबचं जवळ आणणारी लेन्स होती. तुम्ही म्हणता तसेच फोटो मी काढत असे, लांबून, माणसाच्या नकळत. एकदा धक्क्यावरून एका बाईंचा काढला. पाण्यात गुडघ्यापर्यंत उभ्या राहून त्या कपडे पिळत होत्या, शेजारणीच्या कुठल्याशा बोलण्यावर हसत होत्या, पाण्याचे थेंब हवेत. मला तो फार आवडला होता. पुढच्या खेपेला चार बाय सहाचा प्रिंट करून घेऊन गेले, विचारत विचारत घर शोधलं. त्यांनी फोटो हातात घेतला, पाहिला आणि उलटा करून उंबऱ्यावर ठेवला. म्हणाल्या, “ह्यो कुनाला दावू? पदर कुटं, मी कुटं.” मग आत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या त्या इस्त्रीचं लुगडं नेसून, कुंकू लावून. दाराच्या चौकटीला पाठ लावून, दोन्ही हात सरळ सोडून उभ्या राहिल्या. “आता काढ. पोराला मुंबईला धाडायचाय.” पोरगा माथाडी कामगार. त्या खोऱ्यातल्या कितीतरी घरांतला एक तरी माणूस मुंबईत पाठीवर ओझी वाहत आलेला आहे. त्याच्या खोलीत आईचा फोटो लागणार, तर ती कशी दिसावी हे तिने ठरवलं होतं.

तो दुसरा फोटो तुम्हाला दाखवला तर तुम्ही त्यालाही आधारकार्डच म्हणाल. मला मात्र त्यात लुगड्याची घडी दिसते, अजून न मोडलेली. चौकटीवर हळदीची बोटं दिसतात. आणि त्या बाई दिसतात, कारण त्या माझ्याकडे बघतायत.

त्यानंतर मी ३५ ची लेन्स लावायला लागले, जी लांबचं जवळ आणत नाही. माणूस पायापासून डोक्यापर्यंत हवा असेल तर मला त्याच्यापासून सात-आठ फुटांवर उभं राहावं लागतं, आणि तेवढ्या अंतरावर न बोलता उभं राहताच येत नाही. मी विचारते, मग थांबते. कुणी चप्पल काढून ठेवतं, कुणी नातवाला हाक मारून शेजारी उभं करतं, कुणी शेळीही फोटोत हवी म्हणतं. कुणी सरळ नको म्हणतं, मग चहा पिऊन निघते. या सगळ्याला कधी पाच मिनिटं लागतात, कधी पाऊण तास. क्षण निवडायचाच असेल तर तो त्यांनी निवडावा असं मला मनापासून वाटतं.

कार्तिए-ब्रेसाँ मी पाहिलेत, आणि पुन्हा पुन्हा पाहते. पण ज्या पुस्तकामुळे ‘निर्णायक क्षण’ हे शब्द जगभर गेले, ते १९५२ साली निघालं तेव्हा त्याचं फ्रेंच नाव वेगळंच होतं. त्याचा अर्थ साधारण ‘घाईघाईत, लपतछपत टिपलेली चित्रं’ असा होतो. कॅमेऱ्याची चकाकी कुणाच्या डोळ्यांत भरू नये म्हणून ते आपल्या छोट्या लायका कॅमेऱ्याला काळी पट्टी चिकटवत. त्या पद्धतीने त्यांनी जे मिळवलं ते थोर आहे, यात मला शंका नाही. पण बामणोलीच्या त्या घरांत मला पुढच्या महिन्यात परत जायचं असतं, हातात प्रिंट घेऊन. तिथे लपतछपत काम मला करवत नाही. आणि सरळ उभ्या माणसांच्या फोटोलाही मोठी परंपरा आहेच. जर्मनीतल्या आउगुस्ट झांडर यांनी १९१४ साली, पहिलं महायुद्ध तोंडावर आलेलं असताना, नाचाला निघालेल्या तीन तरुण शेतकऱ्यांचा फोटो काढला. कच्च्या रस्त्यावर, हॅट घालून, हातात काठ्या घेऊन तिघंही थेट कॅमेऱ्यात बघतायत. तो जरूर बघा.

नववा फोटो तुम्हाला आवडला. एसटीच्या खिडकीत गजांना गाल टेकून बसलेला मुलगा. सोळांपैकी तो एकच न विचारता काढलाय. बस सुटली होती, तो दिसला आणि बोट दाबलं गेलं. तो कुठल्या वाडीचा, कुणाचा, मला माहीत नाही. त्याचा प्रिंट माझ्या पिशवीत तसाच आहे. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर त्या फोटोकडे पुन्हा पाहिलं आणि तो आज काढून टाकला. तुम्हाला वाईट वाटेल, पण तो मुलगा किंवा त्याची आई भेटेपर्यंत तो इथे नको.

राहिले बारावा आणि तेरावा.

धक्क्यापासून थोडं पुढे एक बाबा बसले होते. पंचाहत्तरीच्या आसपासचे. पाण्याकडे बोट करून म्हणाले, “आमचं घर हितंच हाय, खाली.” १९६०च्या दशकात कोयना धरणाचं पाणी चढत आलं तेव्हा ते लहान होते. भाऊबंद विखुरले, काही सोलापूरकडे, काही रायगडात. हे आणि आणखी काही घरं वर डोंगराला सरकली. घराचा एकही फोटो नाही. आईचाही नाही. त्या काळी वाडीत कॅमेरा कोण आणणार? मी त्यांचा एक फोटो काढला, तो बारावा. टोपी सरळ केली, गुंड्या लावल्या, माझ्याकडे पाहिलं. मागे नुसतं पाणी, म्हणून तुम्ही ‘पार्श्वभूमी रिकामी’ असं लिहिलंत. मी कॅमेरा खाली घेतला तर म्हणाले, “थांब पोरी. आता घराकडं तोंड करतो, तसा एक काढ.” आणि ते वळले. तेराव्या फोटोतली पाठ ती आहे.

दोन्ही प्रिंट गेल्या आठवड्यात पोचवले. पाठीचा त्यांनी जास्त वेळ पाहिला. मग म्हणाले, मे महिन्यात पाणी उतरलं की जोतं उघडं पडतं, तेव्हा ये, त्याच्यावर उभा राहतो. मी जाणार आहे. साताऱ्याहून एसटीने तिथे पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असेल, जोत्यापाशी सावलीला झाडही नसणार. छत्री घेऊन जाईन, धरायला त्यांचा नातू आहे.