ओटी भरणाऱ्या आजींचा फोटो

ताई, नमस्कार.

कोकणातल्या आमच्या गावच्या शिमग्याच्या चार दिवसांवर मी इथे लिहिलं, सोबत फोटो टाकले, आणि तुम्ही त्यावर सविस्तर लिहिलंत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला. दोन दिवसांनी पुन्हा वाचलं. आज सगळं झाल्यावर उत्तर लिहितोय, म्हणून उशीर.

ज्यांनी तुमचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शिमग्यात घरोघर येणाऱ्या देवीच्या पालखीची ओटी भरताना डोळे भरून आलेल्या एका आजींचा फोटो मी त्यांना न विचारता जगासमोर मांडला, हा तुमचा पहिला आक्षेप. बायकोमुलांना गावी नेलं खरं, पण मी स्वतः सगळा शिमगा कॅमेऱ्याआडून बघितला, हा दुसरा. गुलालाचे रंग खोटे वाटतात, हा तिसरा. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, "तुम्ही मुंबईवाले चार दिवस येता, आमचा देव फोटोत भरून नेता, मागे वर्षभर दिवाबत्ती आम्ही करतो."

पहिल्या आक्षेपात तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. तुम्हाला वाटलं त्याहून माझी चूक मोठी होती.

तो फोटो आमच्या खालच्या वाडीतला. पालखी घरं घेत घेत उतरत होती, दिवेलागण झाली होती. आजींनी सारवलेल्या अंगणात पाट मांडला होता, भोवती रांगोळी. पालखी पाटावर टेकली, गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, मंडळींनी "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि आजी ओटी भरायला पुढे झाल्या. सुपात तांदूळ, नारळ, खण. खण ठेवताना त्यांचा हात देवीच्या चांदीच्या रुपावर, म्हणजे मुखवट्यावर, क्षणभर थांबला. मी तेव्हाच बटण दाबलं. फोटो मोठा करून बघितला तर त्या चकचकीत रुपात दारावरचा पिवळा बल्ब दिसतो, आजींची हिरवी काकणं दिसतात आणि अगदी कडेला माझी मुलगी उभी दिसते. पंधरा वर्षं हौसेने फोटो काढतोय, असा फोटो परत मिळेल असं वाटत नाही. म्हणूनच तो टाकायची घाई झाली. आणि खाली मी लिहिलं, 'भक्तीचे अश्रू'.

तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर फोटो काढून टाकला. मेच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा त्याच्या दोन मोठ्या प्रती छापून नेल्या. चुलतकाकी सोबत आली, कारण मी एकटा गेलो असतो तर आजींनी मला ओळखलंही नसतं. त्या पडवीत काजू फोडत बसल्या होत्या. हात पुसून त्यांनी फोटो घेतला, उजेडाकडे धरला आणि विचारलं, "ह्यो कोनी काडलान?" मी म्हटलं, मी काढला. मग खूप वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत.

त्या दिवशी डोळ्यांत पाणी का आलं, ते त्यांनी सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगतो की माझ्या त्या दोन शब्दांशी त्याचा काहीही संबंध नव्हता. दोन मिनिटं ज्यांच्या अंगणात उभा होतो त्यांच्या रडण्याचं कारण मी ठरवून टाकलं आणि चारचौघांत सांगितलं. न विचारता फोटो काढण्यापेक्षा मला हे जास्त वाईट वाटतं.

फोटो त्यांनी ठेवून घेतला, भिंतीवर लावला नाही, ट्रंकेत ठेवला. मग आत गेल्या, लग्नाकार्याला नेसायचं नऊवारी नेसून आल्या, तुळशीपाशी ताठ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आता काढ. हसल्या नाहीत, सरळ कॅमेऱ्याकडे बघितलं. तो फोटो मी छापून गावी जाणाऱ्या एकाच्या हाती पाठवला. तोही इथे टाकणार नाही, तो त्यांचा आहे.

दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही, आणि का नाही ते मनापासून सांगतो.

आमच्या घरात माझ्या आजीचा एकच फोटो आहे. वडील सांगतात, शिमग्यात रत्नागिरीहून कुणी ओळखीचा माणूस आला होता, त्याच्याकडे कॅमेरा होता. फोटोच्या मधोमध पालखी आहे, ढोलवाले आहेत, मानकरी फेटे बांधून उभे आहेत. उजव्या कोपऱ्यात, दाराच्या चौकटीत, पदर दातात धरलेली एक बाई अर्धी दिसते. तीच माझी आजी. मी जन्मण्याआधी ती गेली. तिचा चेहरा मला ठाऊक आहे तो त्या अर्ध्या फोटोमुळे. त्या माणसाने कॅमेरा खाली ठेवून नुसतं हात जोडले असते तर माझ्याकडे काय उरलं असतं?

म्हणून मी पालखीच्या वेळी पालखीइतकाच कडेच्या माणसांकडे बघतो. चुलीपाशी पुरणपोळ्या लाटणाऱ्या काकीकडे बघतो. होळीचं झाड खांद्यावर आणताना खांदा सोलवटलेल्या पोराकडे बघतो. नमन-खेळे या आमच्याकडच्या लोकनाट्यातला संकासूर, काळा अंगरखा आणि उंच निमुळती टोपी घालून पोरांच्या मागे धावतो. त्याचे फोटो सगळे काढतात. मला तो टोपी काढून, कमरेचे घुंगरू सैल करून पाणी पिताना हवा असतो. ही माणसं एरवी कुणाच्या फोटोत येत नाहीत. आणि कॅमेरा हातात असला की माझं लक्ष कमी होत नाही, वाढतं. आजींचा हात रुपावर थांबला हे हात जोडून डोळे मिटले असते तर मला दिसलंच नसतं.

एक गोष्ट मात्र तुमच्यामुळे बायकोला विचारली. ती म्हणाली, पालखी आपल्या अंगणात नाचते तेवढा वेळ तरी शेजारी उभा राहत जा. तिचं म्हणणं मी मान्य केलं आहे. आमच्या अंगणातले फोटो पुढच्या वर्षी मुलगी काढेल.

रंगांबद्दल थोडक्यात. गुलालाचं तुम्ही बरोबर हेरलंत. पिवळ्या दिव्याखाली कॅमेऱ्याला लाल रंग झेपत नाही, त्यातले बारकावे जातात आणि प्लास्टिकसारखा सपाट लाल डाग उरतो. वर मी तो आणखी उठावदार केला. ते चुकलं, ते फोटो बदलले आहेत. पण सगळ्या फोटोंवर जो पिवळा उजेड आहे तो खरा आहे, तो मी मुद्दाम पांढरा केला नाही. फ्लॅश मी मारत नाही. एक तर चांदीच्या रुपावर तो पडला की देवीचे डोळे, नाक काही दिसत नाही, नुसती पांढरी चमक येते. दुसरं म्हणजे पालखी खांद्यावर घेऊन नाचणाऱ्यांच्या डोळ्यांवर तिरीप आली तर तोल जाऊ शकतो. गुरवांनी हे मला फार वर्षांपूर्वी सांगितलं होतं, तेव्हापासून फ्लॅश बॅगेतून बाहेर निघालेला नाही.

आता दिवाबत्तीचं. याला माझ्याकडे उत्तर नाही, एक फोटो आहे. तो मी लेखात टाकला नव्हता.

आमच्या वाडीत बावीस घरं, त्यांतली नऊ बंद. शिमग्याला त्यांतली पाच उघडतात. उरलेल्या चारांपैकी एकाच्या अंगणात यंदा पालखी गेली तेव्हा दाराला कुलूप होतं. अंगण सारवलेलं नव्हतं, फणसाचा पाचोळा पडला होता. पालखी तरीही थांबली. ढोल वाजला, पोरांनी पालखी नाचवली, इतर अंगणांत नाचवली तेवढीच. शेजारच्या काकूंनी आपल्या घरून सूप आणून त्या घराच्या नावाने ओटी भरली. गुरवांनी गाऱ्हाण्यात त्या घरातल्या प्रत्येक लेकराचं नाव घेतलं. कोण बदलापूरला, कोण दुबईला, सगळी नावं त्यांना पाठ. फोटोत कुलूप स्पष्ट आहे आणि समोर पालखी हललेली, पुसट. संध्याकाळ होती, शटर फार सावकाश ठेवावं लागलं.

त्या घरातला मोठा मुलगा माझ्याबरोबर गावच्या शाळेत होता. आधी त्याला पाठवला, विचारलं, टाकू का. त्याने दोन दिवस उत्तर दिलं नाही, मग फोन केला. टाकू नकोस म्हणाला, आणि पाच मिनिटं झाडाबद्दल बोलत राहिला, फणसाबद्दल. म्हणून इथे तुम्हाला फक्त शब्दांत सांगतोय.

तेव्हा मागे राहणारी माणसं देवाचं करतात, आणि आमच्या बंद दारांचंही करतात, हे मला दिसतं, ताई. माझ्या हातून होण्यासारखं एवढंच आहे की ज्यांचे फोटो काढले त्यांच्या घरी ते छापून पोचवायचे. यंदाच्या शिमग्यातल्या सदतीस जणांना पोचवले, अकरा बाकी आहेत. आणि यापुढे माणसाचा चेहरा ओळखू येत असेल तर त्याला दाखवल्याशिवाय इथे टाकणार नाही.

शेवटी तुम्ही लिहिलं होतंत, "एकदा आमच्या शिमग्याला या, पण कॅमेरा न घेता." येतो. आमचा तेरसा शिमगा, होळी त्रयोदशीला. तुमचा भद्रेचा, पौर्णिमेला. मधला दिवस मोकळा मिळतो, आणि संगमेश्वरहून तुमचं गाव काही लांब नाही. आम्ही चौघं असू. कॅमेरा बॅगेतच राहील. तुमच्या घरातलं कुणी आपणहून म्हणालं तरच निघेल. पालखी तुमच्या वाडीत कोणत्या दिवशी घरं घेते तेवढं कळवा. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, परतीची तिकिटं त्या दिवसानंतरची काढतो.