हायवे आमचो न्हय

चतुर्थीला यंदा घरी गेलो, तेव्हा तिसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला, शेतात एक फेरी मारून येऊ. आमचं शेत गोव्यातल्या पेडण्यात, राष्ट्रीय महामार्ग 66 ला अगदी लागून. रस्ता रुंद झाला, उंच झाला आणि शेत खाली राहिलं. आता महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या पत्रादेवीकडून आलेली गाडी आमच्या डोक्यावरून जाते आणि खिडकीतून सुटलेली वस्तू थेट भातात पडते. मेरेच्या (बांधाच्या) कडेकडेने पाच मिनिटं चाललो, तेवढ्यात गोणीत भरलं ते असं: बिअरच्या सात बाटल्या, चिप्सची पाकिटं, गाठ मारून फेकलेली बिर्याणीची पिशवी आणि उजव्या पायाची एक नवीकोरी चप्पल. एक बाटली फुटलेली होती. भावाने तिची काच चिखलातून दोन बोटांनी उपसून दाखवली. "कापणीला बायका अनवाणी उतरतात," एवढंच म्हणाला.

त्याच रविवारी ग्रामसभा होती. हायवेचा कचरा पंचायतीने उचलावा, असा एकाने विषय काढला आणि आमचा आतेभाऊ, जो पंच आहे, ताडकन उठला. "हायवे आमचो न्हय!" (आम्ही शाळा शिकलो मराठीतून, पेपर वाचतो मराठी, पण भांडायला कोकणीच लागते.) त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पंचायतीकडे एक टेंपो आणि चार माणसं. घरोघरचा सुका कचरा शेडमध्ये आणून वेगळा करण्यातच त्यांचा आठवडा जातो. त्यातल्या एकाला भर हायवेवर पाठवला आणि ट्रकने उडवला, तर त्याच्या घरी कोण जाणार? मग कोणी म्हणालं, साबांखा (सार्वजनिक बांधकाम खातं) करील. साबांखा म्हणणार, रस्ता केंद्राच्या पैशाचा. कोणी म्हणालं, कचरा व्यवस्थापन महामंडळाची माणसं येतात ना अधूनमधून. येतात, पण कधी येणार हे विचारायचं कोणाला? शेवटी मागच्या बाकावरून प्रश्न माझ्याकडेच आला: "तुमच्या लंडनात कसं असतं रे?"

मी इंग्लंडात राहतो ते स्विंडन म्हणजे लंडन नव्हे, हे सांगणं मी आता सोडून दिलंय. गोव्याची हजारो माणसं पोर्तुगीज पासपोर्टावर इथे येऊन राहिली, त्यातलाच मी एक. आणि खरं सांगायचं तर इथंही हेच रडगाणं आहे. स्विंडनजवळून एम 4 मोटरवे जातो. त्याच्यावरचा कचरा नॅशनल हायवेज या सरकारी कंपनीने काढायचा. पण 15 नंबरच्या जंक्शनवर उतरून ए 419 ला लागलात की गंमत सुरू होते. असले मोठे ए रस्ते सांभाळणार नॅशनल हायवेज, आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्यावरचा कचरा मात्र स्थानिक कौन्सिलच्या गळ्यात. कौन्सिलला माणसं उतरवायची तर आधी लेन बंद करून घ्यावी लागते, म्हणजे पुन्हा त्याच कंपनीशी बोलणं आलं. तोवर झुडपांत कॉफीचे कप आणि बर्गरची पाकिटं लटकत राहतात. ट्रकवाले थांबतात तिथे लघवीने भरलेल्या बाटल्याही पडलेल्या असतात. परदेशातले रस्ते आरशासारखे, असं गावात सांगणाऱ्यांनी एकदा ए रस्त्याच्या कडेने चालून पाहावं.

म्हणून मी ग्रामसभेत म्हटलं, इंग्लंडची ही वाटणी तेवढी उचलू नका. रस्ता ज्याचा, कचरा त्याचा. रस्त्याच्या देखभालीचं कंत्राट ज्याला दिलंय, त्याच्याच कंत्राटात कचरा घाला. दर आठवड्याला उचलला नाही तर बिलातून कापा. गाड्या थांबवायला माणसं, कोन, दिवे त्याच्याकडे असतात, पंचायतीच्या टेंपोत नसतात. आणि दर दोन किलोमीटरवर पाटी हवी: हा पट्टा अमुक खात्याचा, हा फोन.

इंग्लंडकडून घेण्यासारखं काही असेल तर ते कायद्याच्या कागदात आहे. तिथल्या 1990 च्या पर्यावरण संरक्षण कायद्यानुसार रस्त्यावर कचरा साचला, तर साधा नागरिक जबाबदार खात्याविरुद्ध मॅजिस्ट्रेटकडे जाऊन सफाईचा हुकूम मागू शकतो. जातात थोडेच, पण खात्याला ते ठाऊक असतं. दुसरं, 2018 पासून गाडीतून कचरा पडला तर कोणी फेकला हे शोधत बसावं लागत नाही. कौन्सिल गाडीच्या मालकालाच दंड करू शकते. आपल्याकडे हे झालं तर अर्धा पेडणे तालुका माझ्या नावाने बोटं मोडील. कारण सगळा कचरा भायल्यांचा (बाहेरून येणाऱ्यांचा), हे आपलं लाडकं मत. मी स्वतः कॉलेजात असताना म्हापशाहून येताना कदंबा बसच्या खिडकीतून भेळेचे किती कागद सोडलेत, ते मलाच ठाऊक.

बाटलीवर अनामत ठेवायची योजना गोव्याने 2024 मध्ये अधिसूचित केली. इंग्लंडने त्यासाठी ऑक्टोबर 2027 ठरवलाय. याबाबतीत तरी आपण कागदावर पुढे आहोत. बाटलीला दोन पैसे मिळायला लागले, तर आमच्या मेरेवर पोरं फिरतील आणि माझा निम्मा लेख वाया जाईल. खुशाल जावो. गाठ मारलेल्या बिर्याणीला मात्र कोणी विचारणार नाही, तिथे कंत्राटदारच हवा.

ग्रामसभेत ठराव झाला: संबंधित खात्याला पत्र पाठवावे. कुठल्या खात्याला, ते लिहायचं राहिलं. आम्ही भरलेली गोणी भावाने हायवेच्या कडेला, गाडीवाल्यांना दिसेल अशी ठेवली होती. परवा फोनवर म्हणाला, गोणी तिथेच आहे, आणि कोणीतरी तिच्यात आणखी दोन बाटल्या टाकल्यात.