पंप बदलला आणि आवाज बसला

गेली १६ वर्षे माझ्या पर्समध्ये एकच निळा पंप असे. दम लागला की दोन पफ घ्यायचे आणि पुन्हा फळ्यासमोर उभे राहायचे, एवढेच माझे दम्याविषयीचे ज्ञान होते. निळ्या पंपातल्या, श्वासनलिका तात्पुरत्या मोकळ्या करणाऱ्या नुसत्या साल्ब्युटामॉलवर दमा सांभाळू नये, सोबत श्वासनलिकांची सूज उतरवणारे स्टेरॉइड हवे, अशी शिफारस ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या दम्यावरील आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ मध्येच केली होती, माझ्यापर्यंत ती गेल्या पावसाळ्यात पोहोचली. ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड आणि श्वासनलिका मोकळ्या करणारे फॉर्मोटेरॉल यांची पावडर असलेली कॅप्सूल यंत्रात घालून सकाळ-संध्याकाळ ओढायची, असे डॉक्टरांनी लिहून दिले. कशी ओढायची, हे मात्र ना दवाखान्यात कोणी दाखवले, ना औषधाच्या दुकानात.

पहिल्याच आठवड्यात हातातला खडू थरथरू लागला आणि एका मुलीने “बाई, थंडी वाजते का?” असे विचारलेही. रात्री कुशीवर झोपले की छातीतली धडधड उशीत ऐकू येई. हा फॉर्मोटेरॉलचा परिणाम बहुतेकांच्या बाबतीत हळूहळू ओसरतो, तसा माझाही ओसरला. खरा घोळ तिसऱ्या आठवड्यात झाला. आवाज बसला, जिभेला आणि टाळूला दह्याचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके आले आणि साधी आमटीही झोंबू लागली. “स्टेरॉइड आहे ते, सवय लागेल,” असे बजावणाऱ्यांची घरात आणि शिक्षकखोलीत वानवा नव्हतीच. मी कोणालाही न सांगता संध्याकाळचा डोस बंद केला. दहाव्या दिवशी पहाटे तीनला पलंगाच्या कडेला बसून एकेक श्वास ओढण्याची वेळ आली.

त्या दम्याच्या झटक्यासाठी प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे स्टेरॉइडच्याच, गोळ्या घ्याव्या लागल्या, रोज ४० मिलिग्रॅम, पाच दिवस. दोन्ही औषधे वेगळी आहेत हे मान्य, तरी नुसत्या वजनाचा हिशेब सांगते: ज्याला घाबरून मी डोस टाळला, ते स्टेरॉइड दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम होते, म्हणजे गोळ्यांच्या शंभराव्या भागाइतके.

यावेळच्या डॉक्टरांनी आधी “घेऊन दाखवा” असे सांगितले. मी जुन्या सवयीने सावकाश, लांब श्वास घेतला आणि चूक तिथेच सापडली. जुन्या पंपात औषधाचा फवारा दाबाने बाहेर येतो, म्हणून श्वास सावकाश घ्यायचा. पावडरीला ढकलणारे आत काहीच नसते, ती आपल्याच जोरकस ओढीने सुटी होऊन फुप्फुसात जाते. माझी बरीचशी पावडर घशातच बसत होती. नीट ओढल्यावर कॅप्सूल आत गरगरल्याचा खरखराट होतो. तो मी त्या दिवशी प्रथम ऐकला. शिवाय मी वरून घोटभर पाणी पीत होते. खरे तर चूळ भरून, गुळण्या करून ते पाणी थुंकायचे असते.

दुष्परिणाम आधी सांगितले तर रुग्ण औषध सोडेल, ही समजूत मला मुळीच पटत नाही. मी औषध सोडले ते न सांगितल्यामुळे. “तोंडात पांढरे आले तर थांबू नका, मला दाखवा,” एवढे एक वाक्य पुरले असते.

ते पांढरे ठिपके म्हणजे तोंडात राहिलेल्या स्टेरॉइडमुळे वाढलेली बुरशी होती, ती तोंडात लावायच्या औषधाने आठवड्याभरात गेली. इनहेलर आता बेसिनपाशी, ब्रशच्या शेजारी असतो. आधी तो, मग दात घासणे. आवाज बराचसा परतला आहे, पण कविता म्हणताना वरचा सूर अजून फाटतो, आणि ते मी पुढच्या तपासणीच्या चिठ्ठीत पहिल्या ओळीवर लिहून ठेवले आहे.