चार हातांचा दगड

जुना निसणा, म्हणजे वस्तऱ्याला धार लावायचा दगड, घरी आला की तो दगड वाटतच नाही, हॉस्टेलच्या मोरीतली साबणाची वडी वाटते. मधून झिजलेला, कडांना टवके, वर तेल, साबण आणि लोखंडाच्या चुऱ्याचा काळा थर. नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात जुन्या मालाचा ढीग लावून बसलेला विकणारा म्हणणार, "घ्या ना भाऊ, असा माल आता भेटून नाही राहिला." त्यात दगडावर 'स्वाती' असं नाव कोरलेलं निघालं, तर ही स्वाती कोण, हे घरी आधी समजावावं लागतं. ही बाई नव्हे. वस्तऱ्याच्या कृत्रिम दगडांचा तो कारखाना, 1879 साली मारिबोरला निघालेला. ते गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं, मग युगोस्लाव्हियात गेलं, आता स्लोव्हेनियात आहे. दगड मात्र आपल्या ओट्यावरून आठवडाभर हलत नाही, आणि भांडणाचं मूळ तिथेच आहे.

आधी आंघोळ. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण आणि चमचाभर धुण्याचा सोडा टाकून दगड रात्रभर बुडवायचा. सकाळी पाण्यावर जो तवंग येतो, तो पाहून तर्री पोह्यांवरचं मन उडतं. थर निघेना म्हणून दगड उकळायचा नाही, ओव्हनमध्ये तर अजिबात नाही. एकदम तापला की तडकतो. बेल्जियमचा पिवळा दगड असेल तर रात्रभरही बुडवू नका. त्याच्या पाठीला बहुधा पाटीच्या दगडाचा थर चिकटवलेला असतो. डिंक सुटला की एका दगडाचे दोन होतात आणि कामाचा एकही राहत नाही.

आता खरी तालीम, दगड सपाट करणं. मधे खोलगट दगडावर वस्तरा नुसता काठांवर टेकतो, मग धार कुठे लागते, कुठे नाही. इतवारीतून काळा वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर आणायचा: 220, 400, 600 आणि 1000 नंबरचा. खाली ओट्याचा उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा किंवा जाड काच. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, पाणी सोडायचं आणि इंग्रजी आठ काढत घासायचं. कडेच्या रेघा लगेच पुसल्या जातात, मधल्या मात्र हटून बसतात. सगळ्या गेल्या की पुन्हा आखायच्या, पुन्हा घासायचं. भाजलेला कृत्रिम दगड इतका टणक असतो की 220 चा कागद आधी शरण येतो. दोन-तीन कागद जास्तीचे आणा. कोरडं घासू नका, ती धूळ छातीत जाते. शेवटी स्टीलची पट्टी आडवी, उभी, तिरपी ठेवून उजेडाकडे धरा. पट्टीखालून उजेड दिसला तर पुन्हा आठ. कडाही थोड्या गोल करा, नाहीतर वस्तऱ्याला दाता पडतो.

एवढं झाल्यावर दगड वापरायचा किती? तीन ते सहा हात, म्हणजे दगडावरून वस्तऱ्याच्या तेवढ्याच फेऱ्या, बस्स. हा दगड उतरलेली धार परत आणण्यासाठी असतो. दाते पडलेल्या, पार बोथट वस्तऱ्याचं काम आधी 1000 नंबरच्या दगडावर होतं. वस्तरा आडवा झोपवायचा, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली. जोर शून्य, पात्याचं वजन तेवढं पुरे. धार पुढे ठेवून ढकलायचं. पातं तीन इंच आणि दगड दोन इंच, म्हणून तिरपं जायचं: मुठीकडून सुरुवात, टोकाकडे शेवट. टोकाला पोचलात की पाठीवर उलटा, धारेवर उलटवलात तर रात्रभराची मेहनत वाया. दगडावर पाण्यापेक्षा दाढीचा फेस बरा. मे महिन्यात कूलरसमोर बसलात तर तिसऱ्या हाताला पाणी उडालेलं असतं.

अडचण अशी की चार तास घासलेल्या माणसाला चार हातांवर थांबवत नाही. "अजून दोन मारू" म्हणत तो वीसवर जातो. मग धारेवर तारेसारखी पातळ पापडी उभी राहते. मनगटाचे केस ती झकास कापते, म्हणून माणूस खूश; गालावर गेल्यावर मात्र मोडते आणि ओरबाडते. दोष दगडाचा नाही, हावेचा.

पुढे चामड्याचा पट्टा, तिथे उलट: पाठ पुढे, धार मागे, पन्नास-साठ फेऱ्या. पट्टा ताणून धरा. ढिला पडला तर धार गोल होते.

मग काही आठवडे दगडाला काम नाही. कोरडा करून सुती फडक्यात गुंडाळा आणि वर ठळक लिहा, 'हा साबण नव्हे'. पाहुणे मोरीत हात धुवायला जातातच.